हलका हात ऐकणारा ड्रम

अण्णा, गेल्या महिन्यात मी ड्रमसेट घेतला. विजेवर चालणारा. त्याला कातडं नाही, लाकडी कडं नाही. लोखंडी सांगाड्यावर ताटलीएवढ्या गोल पाट्या बसवलेल्या, आणि आवाज येतो तो फक्त कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये. मी आता नांदेडला दुसऱ्या मजल्यावर राहते, एकटीच. हे गेले त्याला चार वर्षं झाली, लेक बंगळुरूला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दूधवाला आणि भाजीवाली, एवढ्यांशीच काय ते बोलणं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून असला सेट. नाहीतर तुम्ही बँडमध्ये वाजवायचात तसला खराखुरा घेतला असता.

नांदेडच्या दुकानात दोन पाहिले. दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं स्टूल पुसून दिलं. पहिल्या सेटच्या पाट्या रबरी होत्या. काडी आपटली की झणका थेट कोपरापर्यंत जायचा. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर टायरचं रबर ठोकून त्याच्यावर काड्यांनी सराव करत बसलाय. लग्नसराई नसली की तुमचं हेच. मी समोर सरकून बसते, तुम्ही काड्या माझ्या हातात देता. "हातानं मारू नगं," तुम्ही म्हणता, "मनगटानं मार. आन् जोरात मारायला कुणालाबी येतंय. हळू मारून दाव." आई म्हणते, पोरीला काय शिकवून राहिलेत. तुम्ही नुसते हसता.

दुसऱ्या सेटच्या पाट्या जाळीच्या होत्या, बाजेसारख्या ताणलेल्या. काडी आपोआप उसळायची. बरं वाटलं, पण ते खोटं वाटलं. माझ्या हाताला येत नव्हतं तेसुद्धा ती जाळी वाजवून दाखवत होती. शिवाय हळू मारलं की आवाजच नाही. मी चार-पाच वेळा बोटांच्या टोकांनी मारून पाहिलं. हेडफोनमध्ये काहीच नाही. मी काही न घेता घरी आले.

मग लातूरला गेले. एसटीनं, सकाळच्या. तिथल्या दुकानात एक तरुण बाई होती, दुकान तिचंच. तिनं जाळीचाच पण थोडा सैल सेट लावून दिला. मी अगदी हलकं मारलं, तुम्ही सांगायचात तसं, आणि ते ऐकू आलं. मग काय झालं कोण जाणे, मी हदगावच्या वरातीचा ठेका धरला.

ती वरात तुम्हाला आठवत असेल. तुमचा साइड ड्रमवाला तापानं पडला होता. मी तेरा वर्षांची. तुम्ही माझे केस टोपीत खोचले आणि ड्रम माझ्या गळ्यात अडकवला. वेशीपासून मांडवापर्यंत मी वाजवलं, एकदाही चुकले नाही. मांडवाच्या दारात टोपी पडली आणि लोक हसले. दुसऱ्या दिवशी काका आले, हिला आता कोण करून घेणार म्हणाले. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. मला म्हणालात, "उद्यापासून काड्यांना हात लावायचा न्हाई." काड्या पेटीत गेल्या, पेटीला कुलूप. आठ दिवसांनी तुम्ही बाजारातून शाईचं पेन आणून माझ्या दप्तरात ठेवलंत, न सांगता. मी ते वापरलं. पण तुमच्यापाशी बसणं सोडलं.

मी थांबले तेव्हा ती बाई हेडफोनशिवाय नुसती टकटक ऐकत उभी होती. म्हणाली, "ताई, कुठं शिकलात हो?" मी म्हटलं, "आमच्या अण्णांकडं." ते अजून वाजवतात का, असं तिनं विचारलं. एवढं सरळ तुमच्याबद्दल मला कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी काड्या खाली ठेवल्या. मी तोच सेट बांधून घेतला.

आता तो खिडकीपाशी आहे. दुपारी तासभर वाजवते. कानात वरात चाललेली असते. हेडफोन काढला की फक्त पंखा.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुम्ही माझ्याकडं होतात, तेव्हाची गोष्ट. उजवा हात गेला होता. एका दुपारी डाव्या हातानं तुम्ही खाटेच्या दांडीवर ठोकलंत आणि मला म्हणालात, "वाजीव की काईतरी." मी म्हटलं, "मला आता येत नाही अण्णा. विसरले." तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

मी विसरले नव्हते. इतकी वर्षं वर्गात, परीक्षेच्या वेळी, टेबलाखाली माझी बोटं चालूच असायची. हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही. घडी करून ठेवीन कुठंतरी. फक्त एवढंच सांगायचं होतं, की त्या दुपारी मी नाही म्हटलं ते रागानं म्हटलं. आणि म्हणत होते तेव्हासुद्धा पदराखाली माझी बोटं तुमच्या ठेक्याला साथ देत होती.