रेखा अजून दारातच

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. माझ्या कथेतली रेखा नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली आहे आणि आठवडाभर दारातच उभी आहे. तिची आई दार उघडते आणि काय म्हणते? सुचतच नाही. मिहान उद्योगनगरीतल्या ऑफिसातही दिवसभर डोक्यात तेच. मला खरंच लिहिता येतं, की उगाच?

आई घड्या केलेले कपडे ठेवायला आली. "काहून अशी बसून राहिली वं?"

मी सांगितलं, रेखा दारात अडकली आहे.

"काही नाही म्हणत तिची आई," ती म्हणाली. "मी गेली होती तवा माह्या आईनं पहिले माह्या मागं पाह्यलं. सोबत कोणी आहे का म्हणून."

आई घर सोडून गेली होती? कधी? मला कोणीच कसं सांगितलं नाही?

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी तुह्या मामानं वापस आणून सोडलं."

मी वही जवळ ओढली. विचारलं, "हे लिहू का?"

"लिही. पण तिले वापस नको पाठवू."

बाहेरच्या खोलीतून बाबा आईकडे चहा मागताहेत. मी लिहिते आहे. हात थांबत नाही, आणि जीवही थाऱ्यावर नाही.