सातवा रकाना

प्रिय मैना,

परवा तू फोनवर विचारलंस, की काका, दौऱ्यावर जाणाऱ्यांच्या जुन्या फॉर्मात एक सातवा रकाना होता, तो पुढे कुठे गेला? मी म्हटलं, आठवत नाही गं, वय झालं. वय झालंय हे खरं. आठवत नाही ही मात्र थाप. तुला ती पटली आणि तू लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागलीस. फोन ठेवल्यावर सुनेने विचारलं, कुणाचा होता, तर मला तुझं नाव सांगवेना.

आता माझ्या खुर्चीत तू बसतेस. विधिमंडळ सदस्यांचे परदेश दौरे तूच आखणार, त्यांच्या रुसव्याफुगव्यांसकट. टेबलाचा डावा खण अजून अडकत असेल, तो जरा वर उचलून ओढ. सत्ताधारी आणि विरोधकांना हॉटेलात वेगवेगळे मजले दे, पण खोल्यांच्या खिडक्या सारख्या हव्यात. एका सन्माननीय सदस्याने विरोधी पक्षनेत्याची खिडकी वितीने मोजून आणली होती, आठवतं? त्याचं गाऱ्हाणं तू, आमची दुभाषी, हॉटेलच्या मॅनेजरला त्याच्या भाषेत इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकवलंस, की तो बिचारा टेप घेऊन वर धावला. ऐकलेलं जसंच्या तसं बोलणारी म्हणून तेव्हापासून तू मैना. आणि मी तिकीटकाका. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या चामडी पिशवीत आणि पिशवी चोवीस तास माझ्या काखेत. तुम्हाला ती माझी काळजी वाटायची. तुम्ही कुणी माझ्याशिवाय घरी परतू शकत नव्हतात, हा तिचा दुसरा अर्थ माझ्याही लक्षात आला नव्हता.

तर तो रकाना. 'दौऱ्यात असताना घरून वाईट बातमी आल्यास लगेच कळवावी की काम संपल्यावर?' दोन चौकोन, एकात खूण करायची. सदस्य मंडळी न वाचताच करायची, एकाने तर दोन्हींत केली होती. तू माझ्या टेबलाशी उभी राहून विचार केलास. आईला बरं नसतं, म्हणालीस, आणि 'लगेच' वर अशी दाबून खूण केलीस की कागदाच्या मागेही ती उमटली. तो कागद मी सोबत जोडलाय. फायलीतून काढून तेवीस वर्षं माझ्या कपाटात ठेवला होता. फाडून टाकावा असं कितीदा मनात आलं, पण हात धजला नाही.

तेवीस वर्षांपूर्वीचा तो दौरा, विभागप्रमुख म्हणून माझा पहिलाच. तीन दिवसांची बोलणी, शेवटच्या दिवशी करारावर सह्या. आपला दुसरा दुभाषी तापाने फणफणलेला, त्यामुळे सगळी मदार तुझ्या एकटीवर. माझ्या खोलीचा नंबर सगळ्यांच्या घरी दिलेला होता. पहिल्या दिवशी सकाळी तू खाली सभागृहात अध्यक्षांच्या मागे बसली होतीस, आणि माझ्या खोलीतला फोन वाजला. तुझा धाकटा भाऊ होता. आईचं काही खरं नाही, म्हणाला, ताईला फोन द्या, आई तिलाच विचारतेय.

तुला मी काय सांगितलं ते तुला पाठ आहे. तिसऱ्या दिवशी सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, आत्ताच घरून फोन आला, आईची तब्येत बरी नाही. तासाभरात तुझ्या हातात तिकीट होतं. तू विमानात असतानाच त्या गेल्या. माझ्या निरोप समारंभात तू माईकवर सांगितलंस, की परक्या देशात एका तासात तिकीट मिळवून देणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मैना, एका तासात तिकीट मिळत नाही. आता तू रोज हेच काम करतेस, तुला एव्हाना शंका यायला हवी होती. ते तिकीट मी पहिल्याच दिवशी काढून ठेवलं होतं, तिसऱ्या दिवसाचं. दोन दिवस ते त्याच पिशवीत तुझ्या पासपोर्टाला चिकटून पडलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर तू मला विचारत होतीस, काका, तुम्ही असे गप्प का?

मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. अध्यक्षांना विचारलं असतं तर त्या भल्या माणसाने तुला तत्क्षणी जाऊ दिलं असतं. म्हणूनच मी त्यांना विचारलं नाही. माझा पहिला दौरा नीट पार पडायला हवा होता, बस्स. परत आल्यावर मला शाबासकी मिळाली आणि पहिलं काम मी काय केलं असेल, तर फॉर्मातला सातवा रकाना काढून टाकला.

इथवर वाचून तुला वाटेल, म्हातारा हेच सांगायला इतकी वर्षं थांबला. नाही गं. एवढंच असतं तर ते मी कसंबसं पचवलं असतं.

वर्षभराने तू कँटीनमध्ये डोळे पुसत मला सांगितलंस, की भावाने बोलणं टाकलंय. तो शपथेवर सांगतो, की आई फोनवर ताईशी बोलली, ताईने हुंकारही दिला, आणि तरी ती दोन दिवस आली नाही. तू म्हणालीस, मी आईशी बोललेच नाही काका, तो माझ्यावर इतकं घाणेरडं बालंट का घेतोय? मी तुला पाणी दिलं. दुःखात माणसाला भास होतात, असं म्हणालो. माझ्या तोंडून हे शब्द गेले, मैना. त्या दिवसापासून आजवर तुम्ही दोघं एकमेकांच्या दारात उभी राहिला नाहीत, आणि घरात कुठेही फोन वाजला की माझ्या कानात त्या बाईंचा आवाज सुरू होतो. मोबाइल आले, रिसीव्हर गेले, आवाज गेला नाही. आता तर तो फोन न वाजताही येतो.

तुझा भाऊ खोटं बोलत नाही. त्याने ताईला द्या म्हटल्यावर मी थांबा म्हणालो. तुला बोलवावं की नाही, या विचारात रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. त्याला वाटलं तू आलीस. त्याने रिसीव्हर आईच्या कानाला लावला आणि त्या बोलायला लागल्या. मी ती नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, हं. मग भाऊ म्हणाला, ऐकलंस ना ताई, आजच नीघ. त्यालाही मी हं म्हणालो आणि फोन ठेवला.

हे पत्र घेऊन त्याच्याकडे जा. माझ्यावर त्याने विश्वास ठेवू नये, पण तेव्हा तो आईच्या उशाशी बसला होता. पुढचे शब्द त्याने ऐकलेत आणि तू ऐकलेले नाहीस. ते तुझे होते, चुकून माझ्याकडे आले. मी त्यांत काही घातलं नाही, काही गाळलं नाही. त्या म्हणाल्या, "आलीस का गं? तुझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली होती ना, ती शिवून वरच्या खणात ठेवलीय. काम टाकून धावतपळत येऊ नकोस, जपून ये. आणि धाकट्याला एकटं पाडू नकोस, तो फार घाबरलाय. ऐकतेस ना?"

तुझा म्हणवून घ्यायला आता तोंड नसलेला,
तिकीटकाका