एलुबी काही करत नाही

२ मे, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. घरात शांतता आहे आणि शांततेचा उपयोग करून घेणारा माणूस पुढे जातो. वाचणारं कोणी नाही, तेव्हा नम्रपणाचीही गरज नाही.

मी फायसन लिकोंग्वे, वय ५३, मुक्काम झोंबा, आकडेवारी खात्यात सत्तावीस वर्षं. सध्या देशाचं राष्ट्रीय उत्पन्न नव्याने मोजायचं काम चालू आहे. घरोघर जाऊन भरलेले फॉर्म माझ्या टेबलावर येतात. माझ्या सहीशिवाय एकही फॉर्म पुढे सरकत नाही.

एलुबी काल चर्च सुटल्यावर थोंडवेला बहिणीकडे गेली. चार दिवस राहील. विशेष काही नाही.

तरी शनिवारची हकीकत लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी तिखटमीठ लावेल. घरोघर फॉर्म भरणाऱ्या आठ नव्या गणकांना मुलाखतीचा सराव हवा होता. म्हटलं, माझ्याच घरी या. त्यांतल्या एकीने एलुबीला विचारलं, ताई, गेल्या सात दिवसांत तुम्ही काय काम केलंत? एलुबीच्या हातात आठ जणांच्या चहाचा ट्रे. ती विचार करत बसली असती, म्हणून मीच सांगितलं, ती काही करत नाही, शून्य लिही, पुढचा प्रश्न घे. शिकवण्याच्या दृष्टीने उत्तम उदाहरण. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. एलुबीने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. चहा मला ओतावा लागला.

संध्याकाळी एवढंच म्हणाली, ताडालाचे बाबा, मी काहीच करत नसेन तर इथे नसले तरी चालेल. मी म्हटलं, अगं हा तांत्रिक शब्द आहे. ती म्हणाली, असेल.

संकल्प: सामान्य माणसासाठी राष्ट्रीय उत्पन्नावर चाळीस पानी पुस्तिका. ३० जूनला पूर्ण. रोज व्यायाम.

४ मे, बुधवार

नसिमा शिजवली. पाणी उकळलं, मक्याचं पीठ टाकलं, ढवळलं. गोळे झाले. पिठातच दोष असावा. पाव खाल्ला.

पुस्तिका: शीर्षक ठरलं.

७ मे, शनिवार

चार दिवसांचे सहा झाले. बहीण आग्रह करत असेल.

डेपोमागे झिओनेबाईच्या टपरीवर जेवतो आहे. नसिमा, भोपळ्याची पानं, सुके मासे. कपडे धुवायला माणूस लावला. अंगण झाडायला एक म्हातारी येते. आणि आज जेवताना एकदम लक्षात आलं, घास हातातच राहिला. एलुबी नसिमा शिजवते तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न तसूभरही हलत नाही. तीच नसिमा मी झिओनेबाईकडून विकत खाल्ली की वाढतं. कपड्यांचं तसंच, अंगणाचं तसंच. म्हणजे एलुबी गेल्यापासून आमच्या घरामुळे देश रोज थोडा पुढे जातो आहे.

हे तिला कळलं तर तिलाही बरं वाटेल. पुस्तिकेत प्रकरण दुसरं.

९ मे, सोमवार

ऑफिसात ही गोष्ट सांगितली. शेजारच्या टेबलावरचा केंबो म्हणाला, मग सगळ्यांनीच बायका माहेरी धाडू या, वर्षात श्रीमंत होऊ. हशा. आमच्या वरिष्ठ म्बेवे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, लिकोंग्वे, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, उत्तम. मग म्हणाल्या, तुमच्या परसात मका लावतं कोण? भोपळा कोणाचा? कोंबड्या? नळ गेला की ओढ्यावरून पाणी कोण आणतं? म्हटलं, एलुबी. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. स्वयंपाक, झाडलोट उत्पन्नात धरत नाहीत, बरोबर. पण घरी खायला पिकवलेला मका, पाळलेल्या कोंबड्या, वाहून आणलेलं पाणी धरतात. म्हणजे तुमचं शून्य आपल्या नियमांनीही चुकलं, असं त्या म्हणाल्या. आठही गणक समोर होते. त्यांनी वह्या काढून खाडाखोड केली.

हे मला माहीत होतंच. शनिवारी पुस्तक ऑफिसात राहिलं होतं, एवढंच.

१५ मे, रविवार

चर्चमध्ये तिघांनी विचारलं, एलुबी दिसत नाही. तीन म्हणजे सॅम्पल अगदीच लहान. लक्ष दिलं नाही.

दुपारी लेकीचा, ताडालाचा फोन, ब्लांटायरहून. तिथे ती नर्स आहे, बोलण्यात घाई असते. बाबा, मुलांजेच्या मामाआजोबांना आईकडे पाठवलंत का? नाही म्हटलं. मग कशाची वाट बघताय?

मामा माझे अंकोस्वे. लग्नाची बोलणी त्यांनीच केली होती, आणि नवराबायकोचं बिनसलं की बोलणी त्यांनीच करायची, माझ्या वतीने, एलुबीच्या मामांशी. रीत आहे, मान्य. पण मामांचं वय ऐंशी. उत्पन्नात काय धरायचं आणि काय नाही हे त्यांना काय कळणार? लग्नाच्या वेळी विषय सोपा होता.

आणि बिनसलंय कुठे?

२१ मे, शनिवार

एलुबीचे मामा आले. चिकुंबू नाव. पायरीवर बसले, आत या म्हटलं तर नको म्हणाले. पाणी द्यायला धुतलेला पेला सापडेना, मग पाणीही नको म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. जावईबापू, आम्हाला शेळी नको, कापड नको. आमच्या मुलीचं मागणं एकच. तुमच्या मामांना घेऊन या, आमच्या अंगणात बसा, आणि ती काय करते ते चार माणसांसमोर बोला. लगेच ती तुमच्याबरोबर बसमध्ये बसेल.

मी म्हटलं, लेखी देतो, तक्त्यासकट. ते म्हणाले, लेखी कशाला, शून्य तर तोंडानेच सांगितलं होतंत ना? तोंडी माहितीला आधार नसतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, अजून एकदा येईन. एकदाच का, ते कळलं नाही.

तात्पर्य: एलुबी यायला तयार आहे. आता फक्त तक्ता.

२९ मे, रविवार

तक्त्याला सुरुवात. पहिला रकाना, उठण्याची वेळ. मी साडेपाचला उठतो तेव्हा ती उठलेली असते. किती आधी? माहिती उपलब्ध नाही. पंचवीस वर्षांची माहिती उपलब्ध नाही.

कुंपणावरून शेजारच्या नाचुमाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, त्या घरात तुम्ही झोपता की मी? मग त्यांनाच दया आली. चारला उठते म्हणाल्या. शेंगदाणे कुटायला बसते, तुमची झोप मोडू नये म्हणून माझ्या अंगणात येऊन. आणि हेही लिहा, माझा पाय मोडला होता तेव्हा दोन महिने माझं पाणी तिनेच भरलं.

मला हे माहीत नव्हतं. ते पाणी कोणत्या घराच्या नावावर धरायचं, हा तांत्रिक प्रश्न आहे. संध्याकाळभर त्यावर विचार केला. दुसरं काही सुचलं नाही.

व्यायाम: पावसाळा संपला की. (पावसाळा एप्रिलातच संपलेला आहे. थंडी संपली की.)

१२ जून, रविवार

चिपेरोनीची, म्हणजे थंडीतल्या दमट वाऱ्याची, बारीक झिमझिम, तिसरा दिवस. डोंगर दिसत नाही. कोळशाची शेगडी पेटत नाही, ती एलुबी कशी पेटवते हे तक्त्यात लिहायला हवं होतं.

रेडिओवर वाढीचा दर चुकीचा सांगितला. गेल्या वर्षीचा आकडा वाचला गाढवाने. मी मोठ्याने दुरुस्त केलं. अशा वेळी एलुबी आतून हो का म्हणते. मला वाटायचं, तिला कळत नाही म्हणून म्हणते. आज कोणीच हो का म्हणालं नाही, आणि ती दुरुस्ती खोलीत तशीच पडून राहिली.

फार एकटं वाटलं. लिहून ठेवतो, कारण आकडे दडपणं आपल्या तत्त्वात बसत नाही.

२० जून, सोमवार

तक्ता पूर्ण. आठवड्याचे एक्क्याण्णव तास. तीनदा बेरीज केली. एक्क्याण्णवच.

ताडपत्रीवर पीठ वाळवताना ती गाणं म्हणते, ती फुरसत समजून वजा केली होती. नंतर परत मिळवली. या बाबतीत मी उदार आहे.

तुलनेसाठी माझे तास काढले. चाळीस. त्यातून चहा आणि केंबो वजा करायला हवेत. केले नाहीत.

पुस्तिका आता वीस पानी करावी असं वाटतं. सामान्य माणसाला चाळीस पानं झेपणार नाहीत.

६ जुलै, बुधवार. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी

सूट घातला, तक्ता खिशात, मिनीबसने थोंडवेला गेलो. मामांना बरोबर घ्यायचं होतं, पण मुलांजेपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे सुट्टीचा दिवस फुकट. थेट तिलाच दाखवावा म्हटलं.

ती बाजारात होती. झाडाखाली कढई मांडून मंडासी तळत होती. गरम गोळे कागदात बांधून द्यायची, पुढच्या माणसाशी बोलायची, हसायची. समोर रांग. मी भाजीवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. कामात असलेल्या माणसाला मध्येच प्रश्न विचारू नयेत, असं आम्हीच गणकांना शिकवतो. अर्ध्या तासात तेवीस गिऱ्हाइकं मोजली. एका म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं तर ती मान मागे टाकून हसली. घरी ती तोंडावर हात ठेवून हसते.

भाजीवाला म्हणाला, साहेब, काही घेणार की नुसतीच सावली? दोन टोमॅटो घेतले आणि परत आलो.

तब्येत चांगली दिसली तिची. हे महत्त्वाचं.

११ जुलै, सोमवार

तक्ता स्वच्छ टाइप केला आणि ऑफिसच्या लिफाफ्यातून शिक्का मारून चिकुंबू मामांच्या पत्त्यावर रवाना केला. जावक क्रमांक टाकला. आता हरवण्याचा प्रश्नच नाही.

१६ जुलै, शनिवार

चिकुंबू मामा आले. लिफाफा परत दिला. पुन्हा पायरीवरच बसले. या वेळी पेले धुऊन ठेवले होते, दोन. त्यांनी पाणी घेतलं.

म्हणाले, तिने वाचून घेतलं, सगळं. बेरीज बरोबर असेल म्हणाली. तिने विचारलंय, यातली बाई कोण? मी तक्ता उघडून दाखवला. वर स्पष्ट लिहिलं आहे, प्रौढ स्त्री, एक. ते म्हणाले, तेच विचारतेय ती. मी सांगितलं, तक्त्यात नाव घालत नाहीत, गोपनीयता असते. मामा म्हणाले, जावईबापू, नवऱ्याची बायकोशी कसली गोपनीयता?

मग विचारलं, तुमचे मामा? म्हटलं, थंडी आहे, म्हातारा माणूस. ते म्हणाले, मीही म्हाताराच आहे, दोनदा आलो. काठी घेतली आणि गेले. फाटक त्यांनी लावून घेतलं, नाहीतर कोंबड्या बाहेर जातात. कोंबड्या तीनच उरल्या आहेत.

संकल्प: येत्या शनिवारी मुलांजे. नक्की.

२३ जुलै, शनिवार

मुलांजे पुढच्या शनिवारी. फॉर्मांचा ढीग आला.

३० जुलै, शनिवार

बसला गर्दी. पुढच्या.

१३ ऑगस्ट, शनिवार

गेलो. माझे मामा उन्हात बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, मे महिन्यात काय झालं होतं तुला? मी उत्पन्नात काय धरायचं याच्या सीमेचा मुद्दा सांगायला लागलो. ते म्हणाले, गप. ती काय करते ते सांग, मला तिथे बोलायचंय. मी सांगायला लागलो. चारचं उठणं, शेंगदाणे, नाचुमाबाईंचं पाणी, शेगडी, ताडालाच्या तापात जागवलेल्या रात्री, रेडिओच्या वेळचं हो का. तक्ता खिशातच होता, काढायची गरज पडली नाही. मामा म्हणाले, बघ, जमतंय की. येत्या शनिवारी जाऊ. एवढंच बोलायचं, यातलंच.

परतीच्या बसमध्ये झोप लागली. कित्येक आठवड्यांत अशी लागली नव्हती. उद्या घर झाडणार. झाडणाऱ्या बाईला सुट्टी.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या थोंडवे. सूटला इस्त्री झाली.

सकाळी अकराला थोंडवे भागाचे फॉर्म टेबलावर आले. एकशेचाळीस. बत्तिसावा एलुबीचा. आठ ऑगस्टला भरलेला.

कुटुंबप्रमुख: स्वतः. एका चुलीवर जेवणारी माणसं: दोन, स्वतः आणि बहीण. मुख्य काम: मंडासी तळून विकणे. तास: छप्पन्न. वैवाहिक स्थिती: आधी विवाहितवर खूण, ती खोडलेली, मग विभक्तवर खूण. खोडल्याजागी गणकाची सही, नियमाप्रमाणे. शेरा: उत्तर देणाऱ्या बाईंनी स्वतः दुरुस्त करून घेतलं.

खूण लावायला विवाहित हा रकाना होता. मी अजून आहे. पण उत्तर तिचं धरायचं, नवऱ्याचं नाही.

मी तो फॉर्म तासभर तपासला. एक जरी चूक सापडली तरी नियमाने परत पाठवता येतो, गणकाला पुन्हा जाऊन पहिल्यापासून सगळं विचारावं लागतं. तास जुळत होते, माणसं जुळत होती. मग सापडली. वय ४७. एलुबी ४४ ची आहे. लाल शाईने खूण केली. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन चर्चचा लग्नाचा दाखला काढला, पुरावा हवा म्हणून.

४७ बरोबर आहे.

परत येऊन लाल खूण खोडली, खोडल्याची सही केली, आणि खाली तपासनिसाची सही केली. फॉर्म पुढे गेला. मग मुलांजेला फोन लावून मामांना सांगितलं की उद्या येऊ नका. त्यांनी एवढंच विचारलं, जेवलास का? मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.