मामाजींच्या मागच्या सीटवरून

९ नोव्हें., गुरु.
गोल बाजारातून परतताना मामाजींनी लाल सिग्नल तोडला. तोडला म्हणजे काय, त्यांना तो दिसलाच नाही. मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. डावीकडून सिटीबस आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून शिवी घातली.
"काय म्हणून राहिला तो?"
"काही नाही, मामाजी."
मामाजी म्हणजे माझे सासरे, रेल्वेचे गार्ड. उभा जन्म दुसऱ्यांना लाल-हिरवं दाखवण्यात गेला. अजूनही मी मागे बसले की विचारतात, "बसली का?" आणि मी "बसली" म्हटल्याशिवाय स्कूटर हलवत नाहीत. अशा माणसाला लाल दिसू नये?
ह्यांना सांगितलं नाही. शहराबाहेर उरल्याच्या मिलमधून अर्धमेले होऊन येतात.

१३ नोव्हें.
पेपरात वाहतुकीच्या नव्या नियमांचा मसुदा. हेल्मेट सक्तीचं, मागे बसणाऱ्यालाही. शिवाय सत्तरीपुढच्यांनी दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे, साहेबासमोर गाडी चालवून दाखवायची. नापास झाले तर लायसन जमा. लोकांच्या हरकती मागवल्यात. मामाजींनी सत्तरी केव्हाच ओलांडली.
इथे तरी खरं लिहिते. वाचून मला बरं वाटलं. चहात साखर घालायची राहिली, तरी बरंच वाटत होतं.

१६ नोव्हें.
गावात दुसरा विषय नाही. सदर बाजारात मंगळसूत्राची कडी बसवायला गेले, तर सराफ गिऱ्हाईक सोडून भाषण देत होता. "हेल्मेट पहन के दुकान में घुसेंगे, तो ग्राहक कौन और डाकू कौन?" भिशीत बायकांना काळजी अंबाड्याची. एकजण म्हणाली, आपलं गाव नव्या राज्याची राजधानी झालं म्हणून आता डोक्यावर मडकं घेऊन फिरायचं का. हसून हसून पुरेवाट. म्हाताऱ्यांच्या कलमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.
ह्यांना आज सिग्नलचं सांगितलं. म्हणाले, "येऊ दे नियम. सरकारनंच चाबी घेतली तं आपण काहून वाईट व्हायचं?" नागपूरहून नणंदेचाही फोन. "वहिनी, तूच सांग ना. तुह्यं आयकतात ते." बंदूक यांची, खांदा माझा.

१९ नोव्हें., रवि.
मला स्कूटर मामाजींनी शिकवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तेव्हा होत्या. म्हणाल्या, "सून गाडी चालवंल आन् सारा मोहल्ला पाहील." मामाजी म्हणाले, "पाहू दे."
रेल्वेच्या मैदानात मी पदर खोचून हँडलला लटकलेली, हे मागून धावताहेत. हे म्हणजे मामाजी. घरचे 'हे' सावलीत उभे राहून हसत होते. "क्लच हळू सोड, पोरी. इंजिनाले झटका नाही देत." मी पडले तेव्हा आधी मला उठवलं, मग गाडीला.
शाळेची नोकरी धरता आली ती त्या स्कूटरच्या जोरावर. आणि त्याच माणसाला मी आता म्हणू की

२४ नोव्हें.
बागेत फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या कलमाविरुद्ध मामाजींना पुढारी केलं. आज सगळे आमच्या व्हरांड्यात. तिवारीजी म्हणाले, "आज लाइसेंस लेंगे, कल कहेंगे वोट भी मत डालो।" हशा. मी पोहे दिले. मामाजी मधल्या खुर्चीवर बसून एकेकाला बोलायची पाळी देत होते. आत्याबाई गेल्यापासून इतके ताठ बसलेले पाहिले नव्हते. आवाजही जुना, प्लॅटफॉर्मभर ऐकू जाणारा.
आत येऊन मी उगाच भांडी आपटली. ते कलम पास व्हावं म्हणून ज्या घरात मनातल्या मनात नवस चाललाय, त्याच घरात ते पाडायची बैठक, आणि पोहे माझ्या हातचे.

२८ नोव्हें.
मामाजींच्या स्कूटरचा धक्का लागून शेजारच्या साहूंची नात सायकलवरून पडली. आपल्याच गल्लीत, भर दुपारी. दोन्ही गुडघे सोलले, एक जरा खोल. मी फाटकातच होते. पोट्टी आपल्या बाजूने नीट जात होती.
साहू भाभी काय म्हणाली? "कोई बात नहीं, बाबूजी। बच्ची ही बीच में आ गई।" मामाजींनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला चॉकलेट आणून दिलं. चालत जाऊन आणलं. जेवले मात्र नाहीत.
संध्याकाळी जुई माझ्यावरच उखडली. "मम्मी, दादाजी को कोई बोलता क्यों नहीं? उसका सिर फूट जाता तो?" लेक कॉलेजात गेली तरी मराठीत उत्तर देत नाही, पण बोलली ते खरं. मी म्हटलं, नियम येऊन राहिला आहे ना, थांब. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठावं लागलं.

५ डिसें., मंगळ.
मसुद्यावरच्या हरकती ऐकायला जनसुनवाई. मामाजींनी इस्त्रीचा कोट घातला. मला म्हणाले, चल. स्कूटरवरच गेलो. मी सगळा रस्ता त्यांच्या खांद्यावरून पुढे पाहत, "गाय आहे", "ऑटो आहे" असं गप्पा मारल्यासारखं सांगत राहिले. ते "हव, हव" म्हणत होते.
हॉल खच्चून भरलेला. ऑटोवाले, सराफ, कॉलेजची पोरं, सगळे हेल्मेटवरून ओरडून गेले. मग मामाजी उठले. कागद नाही, काही नाही.
"साहब, हम लोग अकेले नहीं रहते। घर में आँख वाले लोग हैं। वो मेरी बहू बैठी है। मेरे पीछे बैठती है, सब देखती है। जिस दिन वो कहेगी कि अब बस, उसी दिन चाबी उसके हाथ में। इसमें सरकार का क्या काम?"
टाळ्या. ओळीच्या ओळी मागे वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी हसले. दुसरं काय करणार होते?
परतताना "बसली का?" विचारलं त्यांनी. कसंबसं "बसली" म्हटलं.

१० डिसें., रवि.
म्हाताऱ्यांचं कलम मागे घेतलं. हेल्मेट 'विचाराधीन', म्हणजे तेही गेलंच. तिवारीजी हार घेऊन आले. मामाजींनी गल्लीभर पेढे वाटले, साहूंकडे स्वतः गेले.
ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि हळूच म्हणाले, "आता?"
"तुमचे वडील आहेत."
"त्यायनं नाव तुह्यं घेतलं."
मी रडले मग. पेढा हातात तसाच.

१२ डिसें.
अंगणात उन्हात मटार सोलत बसलो होतो, मी आणि मामाजी. त्यांचे दाणे सालांत पडत होते. मी न बोलता निवडून घेत होते.
एकदम म्हणाले, "आमचा एक डायवर होता. मेडिकलमंदी डोळ्यानं फेल झाला. डॉक्टरनं लिहून देल्लं, उद्यापासून गाडी नाही. तं नाही. हलकं काम देल्लं, तिकिटाच्या खिडकीवर बसला." एक शेंग मोडून, "रेल्वेत बरं होतं. त्याच्या बायकोले सांगा नाही लागलं."
मी वर पाहिलं. ते सालांच्या ढिगात बोटं फिरवत होते.
"दाणे गोड हायेत यंदा," म्हणाले.
म्हणजे डोळ्यांचं त्यांना माहीत आहे. मी सालांतून दाणे निवडते तेही माहीत आहे. मग त्या हॉलमध्ये मला का पुढे केलं? की म्हणूनच केलं?

१४ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार. पूजेची फुलं-फळं आणायची होती. शाळा दुपारची. मामाजींनी स्कूटर पुसून ठेवलेली, कानटोपी घातलेली. किक मारली.
"बसली का?"
मी पिशवी घेऊन फाटकाशी उभी. इतकी वर्षं आपोआप येणारा शब्द आला नाही. समोरून साहूंची नात सायकल हातात धरून चालत गेली, एका गुडघ्याला अजून पट्टी. गल्ली संपेपर्यंत ती सायकलवर बसली नाही.
"बसली का, पोरी?" मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.
"नाही," मी म्हटलं.
त्यांनी इंजिन बंद केलं. हँडल धरून बसून राहिले. मग समोर पाहतच म्हणाले, "सांगायचं हाये तं सांगून टाक. मी आयकून घेईन."
"दूध ठेवलंय गॅसवर," म्हणून मी आत पळाले. गॅसवर काही नाही.
इथे ओट्याशी उभ्यानेच लिहिते आहे. अक्षर काय आलंय. जुईला खिडकीतून पाहायला सांगितलं. म्हणाली, "बैठे हैं अभी भी। पर पीछे वाली सीट पे।"
चाबी?
"गाड़ी में ही लगी है।"
मामाजी नुसते टेकायला म्हणून मागे सरकलेत, की पुढची जागा माझ्यासाठी
पदर खोचून घेतला. जाते.