हातात कापड गेलं पाहिजे

४ जाने., रवि.
गाळा ताब्यात. दहा दिवसांचं दुकान, आराखडा माझा. प्रत्येक कुर्त्याचा एकच नमुना हँगरवर. घालून बघायचा, चिठ्ठीवरचा कोड फोननं स्कॅन करायचा, माल गोडाऊनमधून घरपोच. अप्पांचा पहिला प्रश्न, "गादी कुठंय? बाया बसणार कुठं?" म्हटलं, बसायचंच नाही, अप्पा!
बापलेकीत ठरलंय असं: हे चाललं तर आमच्या जुन्या दुकानाचा वरचा मजला माझा. नाही चाललं तर तो भाड्यानं जाणार नि मी परत पुण्याला नोकरीवर. मी काही पुण्याला जात नाही.

७ जाने., बुध.
उघडलं. पहिल्या आल्या एक मास्तरीणबाई. मोरपंखी कुर्ता पसंत, ऑर्डर झाली, निघाल्या. अप्पा आडवे आले. "भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जातंय व्हय?" ऑर्डर रद्द करायला लावली आणि हँगरवरचा नमुनाच कुंकवाचं बोट लावून पिशवीत घातला. अहो, एकच होता तो!
दुपारपर्यंत असे सात हँगर रिकामे. दाखवायचं काय, कपाळ? सगळ्यांदेखत भांडले. ते म्हणे, "नवं कापड घेतलं की हातात गेलं पाहिजे. माझ्यानं नाही व्हायचं."

८ जाने.
सकाळी डोकं ताळ्यावर. आमचे कुर्ते शिवणाऱ्या शिंपीकाकांकडून पोतंभर कातरणं उचलली. आता ऑर्डर केली की त्याच कापडाचा तळहाताएवढा तुकडा, कुंकू लावून, पुडीत. अप्पांनी पुडी उलटसुलट करून बघितली. "बरंय." त्यांचं बरंय म्हणजे लई झालं की.

११ जाने., रवि.
पुड्या गावभर फिरतायत! बाया तुकडा घेऊन बांगड्या जुळवायला जातात, तिथं कुणीतरी विचारतं कुठलं गं, आणि ती इकडं येते. एकीच्या जावेनं अकलूजहून ऑर्डर दिली, दुकान न बघता. पुडी बघितली म्हणे. वा गं मी. (निम्मी कल्पना अप्पांची. सांगणार नाही.)

१६ जाने., शुक्र.
शेवटचा दिवस. हँगर उतरवले. जेवताना अप्पा एकदम, "उद्या अकराला एकजण वरचा मजला बघायला येतोय. भाड्यानं." ताट सरकवलं. एवढं चाललं तरी?
तडक जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेले. फरशीवर शिंप्याच्या खडूनं चौकोन आखलेत. अक्षर अप्पांचं. दाराशी 'हँगर'. भिंतीला 'आरसा'. जिन्यापाशी 'पुड्या'. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, 'गादी'.
खाली आले. आराखडा माझ्याच दुकानाचा; भाडेकरू म्हणजे गादीसाठीचा दम असणार. पण एवढी मोठी गादी चालायची नाही, हे उद्या सांगायचंय. अकराच्या आत.