बाबांची राहिलेली इच्छा

हितेंद्रदादा,

तू विहारात बाबांची शोकसभा घेतलीस, त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर बाबांच्या नावाने पिंड ठेवला. आपण बौद्ध, हे ठाऊक असूनही. मला न विचारता, पण मायेनेच. कावळा काही शिवेना. म्हातारी सकाळपासून उपाशी उन्हात उभी.

"तुझ्या बापाशीची काय इच्छा रवली गो? सांग तेका," त्या रडत म्हणाल्या.

इच्छा मला पाठ होती. 'माझ्यामागे पिंड घालायचा नाही.' आपल्या दोघांकडून वचनच घेतलं होतं त्यांनी.

मी हात जोडले. म्हटलं, "बाबा, तुमच्या नातीला डॉक्टर करीन."

कावळा लगेच शिवला.

दादा, तेव्हा मलाही वाटलं, बाबा सुटले. म्हणून हे पत्र तुला पाठवत नाही.

तुझी,
सुची