सोडियम आणि सुरक्षित अंतर

३ जुलै
गौरी केमिस्ट्रीत नापास. नववीची पहिलीच टेस्ट. पुस्तक उघडलं की रडते. तिची आई रेणू म्हणाली, चिक्कडपल्लीत ट्यूशन आहे, लावू या. मी साफ नक्को म्हटलं. बाप घरात असताना ट्यूशन कायकू? अणू केवढा, तो शिकवायला वेळ असा किती! आठवड्यात संपवतो.

५ जुलै
पहिला धडा. मध्ये न्यूक्लिअस, भोवती इलेक्ट्रॉन. घरातलंच उदाहरण दिलं. मी न्यूक्लिअस, बाकीचे इलेक्ट्रॉन. रेणू स्वयंपाकघरातून म्हणाली, पटलं, न्यूक्लिअस जागचा हलत नाही. घरात विज्ञानाची गोडी वाढतेय.

८ जुलै, संध्याकाळ
चिन्हं शिकवली. सोडियमचं एस, पोटॅशियमचं पी. गौरीने पुस्तक दाखवलं. एनए आणि के. मी म्हटलं, छपाईची चूक. ती म्हणाली, लॅटिन नावांवरून आलंय, आणि एस सल्फरचं, पी फॉस्फरसचं. तिला चुका पकडायची सवय लागावी म्हणून मी मुद्दाम चुकलो. हे तिला सांगायचं राहिलं. आत्ताच सुचलं.

१३ जुलै, रविवार
प्रयोग. सोडियम पाण्यात पडलं की भडका उडतो. मिठात सोडियम असतं. गॅलरीत बादली ठेवली, दोघींना मागे सरकवलं, हेल्मेट घातलं, मूठभर मीठ टाकलं. खालच्या पद्मावती आंटी वर बघत उभ्या. काहीच झालं नाही.
गौरी म्हणाली, "बाबा, मिठातल्या सोडियमने एक इलेक्ट्रॉन आधीच क्लोरिनला देऊन टाकलाय. आता ते कशाला भडकेल?"
मीठ आयोडीनवालं होतं. त्यानेच घात केला.

२५ जुलै
टेस्टचा निकाल. गौरी वर्गात दुसरी! माझी पद्धत जिंकली. उद्या पेरेंट्स मीटिंग. चार शब्द बोलावे लागणार. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

२६ जुलै
मॅडमनी विचारलं, भीती कशी गेली? मी घसा साफ केला. तेवढ्यात गौरी बोलली.
"बाबांना रोज समजावून सांगावं लागतं, मॅडम. सांगता सांगता मलाच समजलं."
हसत सांगत होती. रेणू तर डोळे पुसेपर्यंत हसली. मॅडम म्हणाल्या, असंच चालू ठेव.
गौरीने फारच मनावर घेतलंय. मला पहिली वीस मूलद्रव्यं पाठ करायला दिली, क्रमाने. उद्या सकाळी तोंडी परीक्षा.
पोटात जरा दुखल्यासारखं वाटतंय.